आत्याचा हिरवा

पहिला आक्षेप काकांचा होता, आणि तो फिल्म सुरू व्हायच्या आधीच आला.

"अठरा मिनिटं? पन्नास वर्षांच्या कारखान्याची अठरा मिनिटं?"

"काका, आधी बघा तरी," कातरी म्हणाली.

कातरी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी जिभेमुळे पडलेलं. पुढे ती फिल्मची एडिटर झाली, तेव्हा नाव ठेवणाऱ्या सगळ्यांना आपण फार दूरदृष्टीचे असल्याचा साक्षात्कार झाला. ती लोकांच्या फिल्मा कापून-जोडून पोट भरायची, पण कापणं-जोडणं हे काम असतं असं घरात अजून कुणाला पटलेलं नव्हतं. आई ओळखीपाळखीत सांगायची, "कॉम्प्युटरवर असते." मात्र बटणांच्या कारखान्याला पन्नास वर्षं होतायत म्हटल्यावर सगळ्यांना एकदम आठवलं की आपल्याकडे एक फिल्मवाली आहे. घरचीच आहे, बाहेरच्याला कशाला सांगायचं? 'घरचीच' या शब्दाचा अर्थ कातरीला पुरता ठाऊक होता. कधीही फोन करायचा, वाटेल ते सांगायचं, आणि झालं की म्हणायचं, "एवढंच ना?"

रविवारची सकाळ होती. यंत्रं बंद. पॅकिंगच्या खोलीत पोती एका कडेला सारून पाच खुर्च्या मांडल्या होत्या आणि समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरचा पांढरा चौकोन थरथरत होता. मधल्या खुर्चीत बाबा, त्यांच्या उजवीकडे काका, डावीकडे मॅनेजर. मॅनेजर म्हणजे कातरीचा धाकटा भाऊ. कसलासा दोन वर्षांचा कोर्स करून आला तेव्हापासून त्याला कुणी नावानं हाक मारत नव्हतं, आणि त्यात थट्टा आहे हे त्याला सोडून सगळ्यांना कळत होतं. आत्या कडेच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी घेऊन. ती बाबांची पाठची बहीण, काकांहून पाच वर्षांनी मोठी. कारखान्याचं रंगखातं पहिल्या दिवसापासून तिच्याकडे होतं. आईची खुर्ची रिकामी होती. आई दारात उभी होती.

"आई, बस ना."

"दिसतंय मला इथून."

समारंभ गुरुवारी होता. हॉल ठरला होता, गिऱ्हाइकांना निमंत्रणं गेली होती. आजच्या आज होकार मिळाला तरच काम वेळेत पुरं होणार होतं. कातरीनं दिवा घालवला.

भिंतीवर गोठलेल्या रेझिनचा पत्रा आला. ठशाखालून चकत्या टपाटप पडल्या, चकत्यांना भोकं पडली, आणि पिंपात घोळून घोळून त्यांना चकाकी आली. मग बाबांचा आवाज आला, खर्जातला, सावकाश: "हा कारखाना मी आणि माझ्या भावानं शून्यातून उभा केला."

पडद्यावर मात्र बाबा नव्हते. तिथे आत्याचे हात होते. नखांत रंग गेलेले, वाटीत थेंब थेंब सोडणारे, काडीनं ढवळणारे. आवाज पुढे बोलत राहिला, भावांच्या कष्टाबद्दल, भावांच्या धाडसाबद्दल, आणि चित्र त्या हातांवरून हललंच नाही. खालून एक व्हायोलिन हळूहळू वर येत गेलं. हा आवाज आणि हे हात शेजारी ठेवल्यावर काय होतं ते कातरीला दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी सापडलं होतं, आणि त्या आनंदात तिनं खोलीला दोन फेऱ्या मारल्या होत्या. सगळी फिल्म तिनं या चाळीस सेकंदांभोवती बांधली होती.

"थांब, थांब!" बाबांनी हात वर केला. "बोलतोय मी आणि दाखवतेयस हिचे हात? लोक म्हणतील, यंत्रात बिघाड झालाय."

"मुद्दाम केलंय ते, बाबा."

"मुद्दाम? म्हणजे मी खोटं बोलतो असं दाखवायचंय?"

"चित्र काही बोलत नाही. ते फक्त दाखवतं."

"आमच्या घरात दाखवायला लागलीस म्हणजे झालंच," काका म्हणाले. "आणि माझं ते निर्यातीचं भाषण कुठे गेलं? अर्धा तास बोललो होतो."

"आहे की. सात सेकंद."

"सात! त्यात मी फक्त घसा खाकरला असेन!"

"मला एक सांग," मॅनेजर म्हणाला, "मी ऑफिसात बसलोय त्या शॉटमध्ये मी अंधुक का आहे? मागची माणसं स्पष्ट आणि मी धूसर. लेन्स स्वस्तातली होती का?"

"मागे बायका बटणं निवडत होत्या. मला त्या दाखवायच्या होत्या."

"आणि मी?"

"तू त्यांच्या मध्ये येत होतास."

काकांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात बुडवलं. तेवढ्यात दारातून आईचा आवाज आला. "सगळ्यांचं झालं असेल तर मी विचारते. मी जिथे तिथे दारात का? एकदाही नीट बसलेली नाही. जाताना नाही तर येताना. हा काय प्रकार?"

या प्रश्नाचं उत्तर कातरीकडे तयार होतं. किंबहुना हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती वाट पाहत होती. "कारण तू बसतच नाहीस, आई. एक्केचाळीस तासांचं शूटिंग आहे. त्यात तू एकदाही बसलेली सापडली नाहीस. या घरात बायकांना चौकटीच्या कडेलाच जागा असते, तेच मला…"

"अगं शहाणे, तुझी सहा माणसं कॅमेरे घेऊन घरभर पसरली होती! त्यांना चहा कोण देत होतं? पाणी? जेवणं? मी बसले असते तर तुझी ती चौकट उपाशी मेली असती."

बाबा खो खो हसले. कातरीचे कान तापले. तिनं मुकाट्यानं फिल्म पुढे सुरू केली. काही बोलावं तर हात दाखवून अवलक्षण.

उरलेली अकरा मिनिटं टोमण्यांतच गेली. आत्या तेवढी अधूनमधून भिंतीवरच्या चित्राकडे डोळे बारीक करून बघत होती, उन्हात कापडाचा तुकडा धरून बघावा तशी. आणि मग शेवटची पाटी आली. तिचा मजकूर मॅनेजरनं पाठवला होता; कातरीनं फक्त अक्षरांचा आकार ठरवला होता.

'रंगखात्यातील पन्नास वर्षांच्या निष्ठावान सेवेनंतर निवृत्त होत असलेल्या आमच्या भगिनींचे मनःपूर्वक आभार.'

"कोण निवृत्त होतंय?" आत्यानं विचारलं.

बाबांनी काकांकडे पाहिलं, काकांनी मॅनेजरकडे, आणि मॅनेजरनं मोबाइलकडे.

"तुला माहीत नव्हतं?" कातरी म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं.

"आत्या, तसं नाही," मॅनेजर उठून उभा राहिला. "रंग मोजायचं यंत्र येतंय पुढच्या सोमवारी. कापडाचा तुकडा ठेवला की आकडे देतं, कुठला रंग किती घालायचा ते. तुला आता आराम मिळावा म्हणून…"

"आराम मी मागितला होता?"

"समारंभात जाहीर करणार होतो आम्ही. सरप्राइज म्हणून."

आत्या उठली. पिशवी खांद्याला लावली आणि आईच्या शेजारून बाहेर पडली. ती गेली त्या बाजूला फाटक नव्हतं, रंगखातं होतं.

ती गेल्यावर जो तो दुसऱ्यावर घसरला. यंत्राची जाहिरात सगळ्यांत आधी घरी आणणारे काका म्हणाले, मी पहिल्यापासून म्हणत होतो, घाई करू नका. मॅनेजर म्हणाला, तुम्हीच सही केलीत. बाबा कातरीवर उखडले, "ही पाटी आज दाखवायची काय गरज होती?"

"म्हणजे गुरुवारी तीनशे माणसांसमोर कळलेलं चाललं असतं?"

"मी सांगितलं होतं यांना," आई म्हणाली. "दहादा सांगितलं, आधी तिच्या कानावर घाला."

"म्हणजे तुलाही माहीत होतं?"

आई रिकाम्या खुर्च्या एकात एक घालायला लागली.

*

रंगखातं म्हणजे एक लांबट खोली, एक मोठी खिडकी, आणि भिंतभर कप्पे. कप्प्यांत पन्नास वर्षांतल्या रंगांचं एकेक बटण, खाली चिठ्ठी. आत्या स्टुलावर बसून वाटी धुत होती. रविवारी वाटी धुवायचं काहीच कारण नव्हतं.

कातरी लॅपटॉप घेऊन आत गेली. तिला वाटलं होतं आत्या रडत असेल. मग आपण तिच्या खांद्यावर हात ठेवू, आणि ती म्हणेल, निदान तू तरी माझी बाजू दाखवलीस.

"ये," आत्या म्हणाली. "तुझाच जास्त राग आलाय मला."

"माझा?"

"तो उघड तुझा डबा. माझ्या हातांचं दाखव परत."

कातरीनं दाखवलं. हात, वाटी, थेंब. व्हायोलिन सुरू झालं तशी आत्यानं हात झटकला. "ते रडगाणं बंद कर आधी. आता थांबव. ही चकती कोणती?"

"हिरवी."

"हा हिरवा आहे?" आत्या उठली, कप्प्यातून एक बटण काढलं आणि पडद्यावरच्या चकतीशेजारी धरलं. बटण गर्द होतं, काचेच्या बाटलीतून ऊन यावं तसं. पडद्यावरची चकती शेवाळलेल्या पाण्यासारखी. "अकरा दिवस लागले होते मला या हिरव्याला. तो तू मारून टाकलास."

"ते मी मुद्दाम फिकं केलंय, आत्या. सगळ्याच फिल्मचे रंग थोडे उतरवलेत. उदासी दिसावी म्हणून."

"कुणाची उदासी?"

कातरीनं पडद्यावरची चकती मोठी करून पाहिली.

"मला खिडकीच्या गजांतून दाखवलंयस. बाहेरून, चोरासारखं. ही खिडकी मी भांडून पाडून घेतली इथे, उजेडासाठी. दिवसभर तिच्यापाशी मी राणीसारखी बसते, आणि तू मला तुरुंगात घातलंस? बिचारी म्हातारी, भावांनी राबवली, असं?"

"पण राबवलंच ना त्यांनी? फाटकावरच्या पाटीवर तुझं नाव नाही, तुला साधी केबिन नाही…"

"नाही ना. त्यावर मी भांडेन, मला तोंड आहे. पण मी इथे कुणी ढकललं म्हणून आले नाही. लग्न जमत होतं माझं. मुलाकडचे म्हणाले, सुनेचे हात स्वच्छ हवेत. मी म्हटलं, हात हे असेच राहणार. झालं. घरात सांगतात, जमलं नाही. जमलं नाही काय, मी जमू दिलं नाही! हे सगळं तुला सांगितलं होतं की कॅमेऱ्यासमोर. किती हसलो होतो आपण. ते कुठे गेलं?"

ते कुठे गेलं हे कातरीला नेमकं माहीत होतं. 'आत्या – हसणं – नको' अशा नावाच्या फोल्डरमध्ये. दोन तास दहा मिनिटं. त्यात आत्या रंगवाल्या व्यापाऱ्याला फोनवर सोलून काढत होती, काकांची नक्कल करत होती, पहिल्यांदा जांभळा जमला त्या दिवसाबद्दल एखाद्या पोरीसारखी बोलत होती. सगळं छान होतं. पण कातरीच्या फिल्ममधल्या आत्याला ते शोभत नव्हतं, म्हणून तिनं ते बाजूला टाकलं होतं.

"त्यांनी मला न विचारता घरी बसवलं," आत्या म्हणाली, "आणि तू न विचारता रडायला बसवलंस. आता सांग, कुणावर जास्त चिडू?"

कातरी स्टूल ओढून बसली. या फिल्मसाठी ती चार महिने सगळ्यांशी भांडली होती. आता भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. मग तिनं ते फोल्डर उघडलं.

"कुठलं घालू, सांग."

"मी कशी सांगणार? ते तुझं काम. मी रंगाचं बघते."

त्या दिवशी दोघी शेजारी बसल्या. आत्या एकेक बटण पडद्याला लावून बघायची आणि म्हणायची, "यात निळं शिरलंय," "हा आजारी दिसतोय." कातरीनं पंधरा वर्षं हे काम केलं होतं, पण इतकी बारीक नजर तिनं कुठल्या स्टुडिओत पाहिली नव्हती. दुपारपर्यंत ती वैतागली. "आत्या, एवढा फरक लोकांना दिसतच नाही!"

"गिऱ्हाईकही हेच म्हणतं. आणि मग माल परत पाठवतं."

*

बाबांचं वाक्य राहिलं होतं. आता चित्रात आत्या हसत होती, आणि वर "मी आणि माझ्या भावानं" हे फारच विचित्र वाटत होतं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कातरीनं बाबांना गोदामात बोलावलं. पोत्यांमुळे तिथे आवाज घुमत नव्हता. मागोमाग काका आले, कारण काहीतरी रेकॉर्ड होतंय असं त्यांनी ऐकलं होतं. आत्या पोत्यावर बसली. काल सकाळपासून ती बाबांशी बोललेली नव्हती.

"हा कारखाना," बाबांनी घसा साफ केला, "मी आणि माझ्या भावानं, आमच्या बहिणीच्या मदतीनं…"

"मदत?" आत्या म्हणाली.

"बरं. बहिणीच्या मोलाच्या सहकार्यानं…"

"सहकार्य शेजारी करतात."

"आम्ही भावंडांनी!" बाबा म्हणाले. "झालं? भावंडांत तू आलीस."

"त्यात मी पण येतो," काका खूश होऊन म्हणाले.

"तू तेव्हा शाळेत होतास," आत्या म्हणाली. "दोन विषयांत नापास."

"बाबा, ही पळवाट आहे," कातरी म्हणाली. "परत एकदा घेऊ या."

सात वेळा घेतलं. सातही वेळा वाक्य 'मी'पाशी सरळ निघायचं आणि बहिणीपाशी येऊन लंगडायचं. आठव्यांदा बाबांनी कागद फेकून दिला.

"मग म्हणू तरी काय? अगं, मला बटणांतलं कळतंय काय! मला कापडाचं दुकान टाकायचं होतं. हे खूळ तुझं. पहिल्या मालाचा रंग उतरला आणि सगळी पोती परत आली, तेव्हा मी कुलूप ठोकून घरी येऊन झोपलो होतो. किल्ली तू उचललीस. पन्नास वर्षं लोक मला विचारतायत, तुमच्याकडे रंग इतका कसा जुळतो? आणि मी मान ताठ करून सांगतो, आमचं गुपित आहे. गुपित कसलं डोंबलाचं! मला माहीतच नाही कसा जुळतो!"

बाबांनी फेकलेला कागद काकांनी उचलून खिशात घातला.

"मग मला घरी का बसवत होतास?" आत्यानं विचारलं. आवाज वर गेला नव्हता.

"सत्तर वर्षांची झालीस तू," बाबा म्हणाले. "एक दिवस येणार नाहीस. त्या दिवशी मी गिऱ्हाइकाला काय सांगू, या विचारानं पोटात गोळा येतो माझ्या. यंत्र आलं की तो विचार करायला नको, असं वाटलं."

"हे मला सांगायचं ना."

"तुला काही सांगता येतं का? लगेच अंगावर येतेस."

"येणारच. यंत्र आणा, मी काय त्याला चावते? किती चुकतं ते मलाही बघायचंय. पण ते माझ्या खोलीत राहील आणि माझ्या हाताखाली. चार पोरींना मी ते शिकवीन, आणि सगळं शिकवून झाल्यावर घरी कधी जायचं ते मी ठरवीन. ती पाटी काढून टाक गं, कातरी."

"काढली," कातरी म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे वळून पाहिलं. समोरच्या रेकॉर्डरवरच्या लाल दिव्याकडे त्यांची नजर गेली. "बंद होतं ना ते?"

"नव्हतं."

शनिवारी हे घडलं असतं तर कातरीनं काही न बोलता ते फिल्ममध्ये घातलं असतं आणि गुरुवारी जे व्हायचं ते होऊ दिलं असतं. आता तिनं हेडफोन काढून त्यांच्या कानांवर चढवले. "ऐका. तुम्ही नको म्हणालात तर पुसते."

बाबांनी ऐकलं. परत एकदा लावायला सांगितलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग कसनुसा. "माझा आवाज असा फाटका आहे?"

"ओरडताना आहे."

"ते 'डोंबलाचं' तेवढं काढ."

"ते काढलंत तर मी गुरुवारी येणार नाही," आत्या म्हणाली.

बाबांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, हेडफोन पोत्यावर ठेवले आणि म्हणाले, "करा काय करायचं ते." दारापर्यंत गेले. तिथून वळून म्हणाले, "पोटातल्या गोळ्याचं मात्र नको घालू. गिऱ्हाईक घाबरेल."

कातरीनं ते काढलं.

*

गुरुवारी सकाळी हॉल भरला. फिल्म आता एकवीस मिनिटांची झाली होती. काकांना निर्यातीची आणखी नऊ सेकंदं मिळाली होती आणि ते तेवढ्यावर खूश नव्हते. मॅनेजर अजूनही अंधुकच होता. आई आई होती, दारांतून ये-जा करत, फक्त आता तिच्या हातातला ट्रे आणि तो उचलणारे कॅमेरावाल्यांचे हातही दिसत होते. अंधारात 'डोंबलाचं' आलं आणि मागच्या रांगांतले कामगार असे काही हसले की पुढची दोन वाक्यं कुणाला ऐकूच आली नाहीत. बाबा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. पडद्यावर आत्या व्यापाऱ्याला फोनवर झाडत होती, मागे उघड्या खिडकीतून ऊन येत होतं, आणि तिच्यासमोरच्या वाटीतला हिरवा एवढा ताजा होता की खिडकीला रंगीत काच बसवावी तसा हॉल उजळला.

दिवे लागल्यावर गिऱ्हाइकांचा घोळका नेहमीप्रमाणे बाबांकडे आला. बाबांनी नुसतं बोट दाखवलं. घोळका आत्याकडे वळला. कुणीतरी काहीतरी विचारलं, आणि आत्यानं बोलायला सुरुवात केली. आपली पिशवी बाबांच्या हातात देऊन ती दोन्ही हातांनी वाटी, थेंब, उजेड असं काहीबाही हवेत दाखवू लागली. पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली. आई "जेवणं थंड होतायत" म्हणून दोनदा येऊन गेली. मॅनेजर घड्याळ बघत होता. कातरीला प्रोजेक्टर उतरवायचा होता आणि आत्या नेमकी त्याच्या वायरीवर उभी होती.

शेवटी हॉलवाला बाबांपाशी आला. "साहेब, बाराला दुसऱ्यांचं बुकिंग आहे. बाईंना जरा सांगता का आवरायला?"

बाबा खुर्चीत बसले होते, मांडीवर आत्याची पिशवी घेऊन, तिचे बंद दोन्ही हातांत धरून. ते जागचे हलले नाहीत.

"थांबा हो जरा," ते वैतागून म्हणाले. "ती बोलतेय, दिसत नाही?"